आवाज परत मिळवून देणाऱ्यांना धन्यवाद

आधी त्या रात्रीच्या कंट्रोलरना नमस्कार. व्हॅटसिमवर (संगणकावर विमान उडवणाऱ्या हौशी लोकांचं ऑनलाइन नेटवर्क, हवाई वाहतूक सांभाळणारे कंट्रोलरही तिथलेच) मुंबईहून गोव्याला निघालो होतो आणि रेडिओ एकदम मुका. हाकेला ओ येत नाही म्हणताच, मी ट्रान्सपॉन्डर या विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्रावर ७६०० लावायच्या आत (रेडिओ बंद पडल्याचा कोड, खऱ्या विमानांतही हाच), त्यांनी न चिडता टाइप करून सूचना द्यायला सुरुवात केली.

मग मेसेजवर भेटलेले एक काका. त्यांचा पहिलाच प्रश्न, "हेडफोन ब्लूटूथचा आहे का?" होता. माईक चालू झाला की असा हेडफोन स्टिरिओ सोडून हँड्सफ्रीवर, म्हणजे फोनवर बोलायच्या मोडवर जातो आणि संगणकाला ती दोन वेगळी उपकरणं वाटू शकतात. म्हणून इंजिनाची घरघर कानात, कंट्रोलरचा आवाज मात्र गायब! क्लायंटच्या (व्हॅटसिमला जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये माईक आणि स्पीकर नावानिशी निवडल्यावर आवाज आला, पण डबक्यातून आल्यासारखा.

त्यावर वर्तकनगरच्या ताईंनी स्वतःचा तारेचा हेडसेट घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी आणून दिला. त्या रस्त्यापेक्षा दाबोळीला विमान उतरवणं सोपं, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

ताई, हेडसेट रविवारी परत करतो. चहा माझ्याकडून.