स्कॅन नॉर्मल आला, तरीही

रावेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. कबड्डीत चिरंजीवाचे डोके जमिनीवर आपटले, सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि प्रशिक्षक त्याला येत्या रविवारच्या सामन्यात उतरवू म्हणतात, हे वाचून लगेच लिहायला बसलो आहे.

स्कॅन नॉर्मल म्हणजे आत रक्तस्राव दिसला नाही आणि कवटीला तडा नाही, एवढेच. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदू हलतो त्यात, हादरा बसतो तो मेंदूच्या कामकाजाला, आणि तो सहसा फिल्मवर उमटतच नाही. लक्षणे विचारून, आठवण, तोल आणि लक्ष तपासूनच त्याचे निदान करावे लागते. शुद्ध हरपली नव्हती असे तू समाधानाने लिहितोस, पण बहुतेकांची ती हरपतच नाही.

माझेच सांगतो. गेल्या वर्षी केळी भरताना ट्रॉलीच्या फाळक्यावर माझे डोके आपटले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चहा पाजला, आणि ‘मुका मार आहे’ म्हणून सगळे मोकळे झाले. तिसऱ्या दिवशी केळीच्या वजनकाट्यापाशी उभा राहिलो, तर घड मोजताना चाळिशीच्या आतच आकडा निसटू लागला आणि उन्हाकडे बघवेना. जळगावच्या डॉक्टरांनी मराठी महिने उलटे म्हणायला लावले. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आणि पुढे सगळे कोरे! शाळेत आपण हेच घडाघडा म्हणत होतो.

यावर खास असे औषध नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी आणि डोके दुखल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. सुरुवातीला ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. मात्र त्याला अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवून ठेवू नकोस. आधी थोडे चालणे, मग शाळा, मग हलका सराव, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच अंगाला अंग भिडणारा खेळ. सरावाच्या प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यायचे आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे यायचे. मुलांना सावरायला चार आठवडेही लागतात. त्याआधी दुसरा मार बसला तर, क्वचित का होईना, जिवावर बेतू शकते.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, फिटचा झटका, जागे करूनही न उतरणारी गुंगी, हातापायात कमजोरी किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर रात्र असली तरी दवाखाना गाठ.

शनिवारी भुसावळला गाडी बदलून अमळनेरला येतो. प्रशिक्षकांशी मीच बोलेन. तुला ते भिडेपोटी जमणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाकावरचा सोबती