लोटे परशुरामच्या पाण्याची पहिली नोंद आत्ताच करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इटलीतल्या विचेन्झा शहरातील न्यायालयाने २६ जून २०२५ रोजी एका रासायनिक कारखान्याशी संबंधित अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. सगळ्यांच्या शिक्षा मिळून १४१ वर्षांची कैद होते. कारखान्याचे नाव ‘मितेनी’, गाव त्रिस्सिनो. विचेन्झा, वेरोना आणि पादोव्हा या तीन जिल्ह्यांतल्या साधारण साडेतीन लाख माणसांच्या पिण्याच्या पाण्यात या कारखान्यातून ‘पीफास’ नावाची रसायने उतरली होती. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला आणि त्याला कुलूप लागले. त्याची यंत्रसामग्री २०१९ साली आपल्याकडच्या एका कंपनीने उपकंपनीमार्फत विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आणली.

मी चिपळूणची. नोकरीची सगळी वर्षे मी शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनी म्हणून काढली. लोट्यात या यंत्रांमुळे प्रदूषण झाले आहे, असा आरोप मी करत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि पुराव्याशिवाय बोलण्याची मला सवय नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. उद्या कोणाला असा पुरावा हवा झाला, तर तो मिळावा अशी सोयच आपण केलेली नाही.

गावातून जलसुरक्षक नमुना घेऊन येतो. आम्ही गढूळपणा, पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह तपासतो. जंतूंची तपासणी वेगळी होते. टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर वेळेवर पडते का, विहिरीच्या काठी घाण साचते का, हे पाहून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथी कमी होण्यात या कामाचा वाटा मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण पीफास यातल्या कुठल्याही चाचणीत दिसत नाही. पाणी नितळ असते, वास नसतो, चव बदलत नाही. गावाला हिरवे कार्ड मिळालेले असू शकते आणि तरीही विहिरीत पीफास असू शकते.

पीफास म्हणजे एक रसायन नव्हे, हजारो रसायनांचे कुटुंब आहे. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो की ऊन, पाऊस, जिवाणू यांपैकी कोणीही तो सहजी तोडत नाही. म्हणून यांना जगभर ‘फॉरेव्हर केमिकल्स’ म्हणतात. तेल आणि पाणी दोन्ही अंगाला लागू न देण्याच्या गुणामुळे ती रेनकोटपासून आग विझवण्याच्या फेसापर्यंत सगळीकडे वापरली गेली. पाणी उकळून उपयोग नाही. वाफ निघून जाते आणि पीफास भांड्यात राहते. तुरटी आणि क्लोरीन त्याचे काही बिघडवू शकत नाहीत. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, हा बंध त्यांना तुटत नाही. त्यामुळे तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी-बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप, मर्यादेत आला तरी पीफासबद्दल त्यातून काहीच कळत नाही. आरओ किंवा सक्रिय कोळसा त्याला अडवतो, पण आरओचे नको असलेले पाणी पुन्हा गटारातच जाते.

मर्यादा किती बारीक असतात, ते पाहा. आपल्या मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफाससाठी घातलेली मर्यादा आहे लिटरला ४ नॅनोग्रॅम, म्हणजे फ्लोराइडच्या अडीच लाखाव्या भागाएवढी. युरोपात १२ जानेवारी २०२६ पासून वीस पीफासची बेरीज लिटरला १०० नॅनोग्रॅमच्या आत ठेवणे बंधनकारक आहे. पीएफओए माणसात कर्करोग करते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस जाहीर केले. आणि आपल्या पिण्याच्या पाण्याचे मानक, आयएस १०५००? त्यात पीफासची ओळच नाही. चिवट प्रदूषकांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ साली आणि पीएफओए २०१९ साली आले. भारत या कराराचा सदस्य आहे, पण आपल्या २०१८ च्या नियमांत ज्या सात चिवट प्रदूषकांवर बंदी आहे, त्यांत ही दोन्ही नाहीत. कायद्यात मर्यादाच नसेल, तर ती ओलांडली असे कोणाला म्हणता येणार?

मर्यादा घातली की काम संपते असेही नाही. अमेरिकेने मे २०२५ मध्ये पाणीपुरवठा संस्थांना दिलेली मुदत २०२९ वरून २०३१ पर्यंत वाढवण्याचे आणि इतर काही पीफासवरच्या मर्यादा मागे घेण्याचे जाहीर केले. दबाव तिकडेही असतो.

त्रिस्सिनोचा कारखाना १९६० च्या दशकातला, आणि तिथल्या पाण्यातले पीफास उघड झाले २०१३ मध्ये. मधली वर्षे कोणी पाहिलेच नाही. तो कारखाना नेमका भूजल मुरते त्याच पट्ट्यात उभा होता. लोटेही जांभ्याच्या सड्यावर आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते आणि पायथ्याच्या विहिरींना, झऱ्यांना लागते. सांडपाणी दाभोळ खाडीकडे जाते. त्या खाडीतली मासळी घटल्याचे आणि लोट्याच्या प्रदूषणाचे वर्णन पश्चिम घाटाबद्दलच्या माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात आहे. म्हणजे या जागेचा पूर्वेतिहास शासनदरबारी नोंदलेला आहे. अशा ठिकाणी ही यंत्रे येताना पाण्याची तपासणी आधी व्हायला हवी होती.

लोट्याने आमच्या भागातल्या पोरांना नोकऱ्या दिल्या, हे मी विसरत नाही. माझा भाचा तिथेच एका कारखान्यात शिफ्टला जातो. पण मितेनीत रक्तातले पीफासचे सर्वांत जास्त प्रमाण सापडले ते कामगारांच्याच अंगात. रक्तातले पीएफओए निम्म्यावर यायलाही काही वर्षे लागतात. त्यामुळे ही तपासणी कामगारांच्या विरोधात आहे, असे कोणी म्हणू नये.

तपासणी महाग आहे, यंत्रे नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही. युरोपला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश ज्या प्रकारच्या यंत्रावर मोजतात, त्याच प्रकारच्या यंत्रावर पाण्यातले पीफास मोजता येते. युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या द्राक्षासाठी जे जमते, ते खेड तालुक्यातल्या विहिरीसाठी जमायला हवे.

नमुने मात्र काळजीने घ्यावे लागतील. नेहमीची काचेची बाटली चालत नाही, कारण पीफास काचेला चिकटते. साध्या प्लॅस्टिकची, टोपणात टेफ्लॉनचे अस्तर नसलेली बाटली लागते, कारण टेफ्लॉन हेही पीफासच आहे. नळाच्या जोडाला टेफ्लॉनची टेप असेल तर तो नळ टाळायचा. नमुना घेणाऱ्याने पाणी न धरणारा रेनकोट घालायचा नाही, कारण त्याच्यावरच पीफासचा लेप असू शकतो. कोकणात जुलैमध्ये हे सांभाळणे कठीण, म्हणून पहिली फेरी मे महिन्यात आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये घ्यावी.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि रत्नागिरी जिल्हा परिषदेने मिळून लोट्याच्या भोवतालच्या विहिरी व झरे, वाशिष्ठी नदी, खाडी आणि प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी असे नमुने घ्यावेत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. कामगारांपैकी जे तयार असतील त्यांच्या रक्ताची आजची नोंद करून ठेवावी. आणलेल्या यंत्रांवर आज काय बनते, काय बनवण्याची परवानगी आहे आणि त्यातला कचरा कुठे जातो, हे कंपनीने आणि मंडळाने लोकांसमोर ठेवावे. आकडे शून्य आले तर सर्वांत जास्त आनंद मला होईल, आणि तो शून्यही लिहून ठेवावा लागेल, कारण पाच वर्षांनी तुलना त्याच्याशीच करायची आहे. नमुने कसे घ्यायचे हे जलसुरक्षकांना शिकवायला मी विनामोबदला यायला तयार आहे. मे महिन्याची फेरी चुकली तर ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागेल, म्हणून आदेश त्याआधी निघावा.

आपली,
एक निवृत्त रसायनी, चिपळूण