मॉर्टलेकच्या दगडी तंबूवरचा व्हॅट : ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. अर्थमंत्री, ब्रिटन सरकार, यांस

स. न. वि. वि.

लंडनच्या मॉर्टलेक भागात सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या आवारात एक दगडी तंबू उभा आहे. ‘अरेबियन नाइट्स’चे इंग्रजी भाषांतर करणारे इंग्रज प्रवासी-लेखक सर रिचर्ड बर्टन १८९० साली आताच्या इटलीतल्या ट्रिएस्ट इथे वारले. त्यांच्या पत्नी इझाबेल यांनी अरबांच्या तंबूसारखी ही कबर बांधून घेतली. दारावर क्रूस, वर चंद्रकोरी आणि चांदण्या. कापडाच्या चुण्या दगडात इतक्या खऱ्या उतरल्या आहेत की हात लावून खात्री करावीशी वाटते. मागे शिडी आहे. चढून काचेतून डोकावले की दोघांच्या शवपेट्या आणि टांगलेले कंदील दिसतात.

बर्टन मुंबई इलाख्याच्या फौजेत होते आणि सरकारी परीक्षा देण्याइतकी मराठी शिकले होते. गोव्याच्या लोकांबद्दल त्यांनी जे लिहिले ते वाचून आजही राग येतो. तरी ही कबर टिकावी असे मला मनापासून वाटते, कारण असे कोरीवकाम पुन्हा होणार नाही.

वाळूचा दगड पाणी पितो. हिवाळ्यात ते आत गोठते आणि पापुद्रे सुटू लागतात. आधी झिजते ती नक्षी. दुरुस्तीला सिमेंट चालत नाही, दगडांमधल्या सांधी चुन्यानेच भराव्या लागतात, आणि ते जाणणारे पाथरवट स्वस्तात मिळत नाहीत. बर्टन दांपत्याला मूलबाळ नव्हते. मागेही देणग्या आणि अनुदान जमवूनच डागडुजी झाली.

आता तुमच्या खात्याचा प्रश्न. नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य, आणि जुन्या वास्तूच्या दुरुस्तीवर २० टक्के! ही कबर सरकारनेच संरक्षित यादीत घातली आहे. तिच्या रूपाला धक्का लागेल असे काही करायचे तर आधी परवानगी काढावी लागते. जपण्याची सक्ती तुमची आणि जपणाऱ्यावर करही तुमचाच, हे न्यायाचे नाही. दुरुस्तीच्या दर शंभर पौंडांच्या कामामागे वर्गणीतून आणखी वीस पौंड करासाठी वेगळे काढावे लागतात. तेवढ्यात एखाद्या पाथरवटाची आणखी काही दिवसांची मजुरी निघाली असती.

चर्चच्या आवारांतल्या यादीतील सर्व कबरींच्या दुरुस्तीवरचा व्हॅट येत्या अर्थसंकल्पात शून्य करावा, ही विनंती. आणि निर्णय होण्यापूर्वी एकदा मॉर्टलेकला येऊन ती शिडी चढा.

कळावे,
लंडनमधील एक मराठी रहिवासी