काट मारणे म्हणजे रूपांतर नव्हे

संपादक महोदय,

आखातातल्या ब्रिटिश शाळांवरचा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. अरब मुलींसाठी इंग्लंडचा अभ्यासक्रम तिथे ‘संस्कृतीला साजेसा’ करून घेतात, याचे लेखात कौतुक आहे. शारजातील मुलींच्या एका खासगी शाळेत मी बरीच वर्षे प्राथमिकच्या वर्गांना शिकवले. माझ्या पाहण्यात हे साजेसे करणे म्हणजे मुख्यतः काळ्या मार्करचे काम. डुकराचे चित्र आले, मार काट. वाइनचा पेला दिसला, मार काट. पौंड-पेन्सच्या जागी दिरहम-फिल्स घातले की गणितही ‘स्थानिक’ झाले! चार ऋतू मात्र इयर वनच्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गाच्या, विज्ञानात सक्तीचे. त्यामुळे चाळीस अंशांच्या उन्हातून आलेल्या मुली घामेजल्या हातांनी पानगळीची कागदी पाने कातरत बसत.

खरी अडचण चित्रांत नसतेच. मूल घरून इंग्रजी बोलत आले आहे, आता त्याला फक्त वाचायला शिकवायचे, हे त्या अभ्यासक्रमाचे गृहीतक. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तिच्यात ‘प’ नाही आणि ऱ्हस्व स्वर एरवीच्या छपाईत गाळलेले असतात. त्यामुळे पार्कचे ‘बार्क’ होते, आणि बिट, बॅट, बट हे तिन्ही शब्द मुलीला जवळजवळ सारखेच दिसतात. इंग्लंडमध्ये २०१२पासून इयर वनच्या मुलांची ध्वनिवाचनाची, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जुळवून शब्द वाचण्याची, चाचणी घेतात. तिच्यात ४० शब्द असतात, पैकी २० मुद्दाम निरर्थक, म्हणजे पाठांतरावर भागू नये. आमच्याकडे ती जशीच्या तशी घेत. जिला उरलेल्या २० शब्दांपैकीही बरेच नवे, तिला खरे शब्द काय आणि बनावट काय, सारखेच!

आकड्यांचेही तेच. ५० फिल्सचे नाणे पाहा. त्यावरचा अरबी पाच इंग्रजी शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. माझ्या वर्गातली एक मुलगी वजाबाकीत शून्य दिसले की पाच धरायची. रीत बिनचूक, उत्तर साफ चूक. वही तपासणाऱ्या तरुण इंग्रज बाईंनी ‘गणितात कच्ची’ असा शेरा मारला. आपला १ बघून इंग्रजी नऊ वाचणारी नातवंडे ज्यांच्या घरी आहेत, त्यांना हा घोळ लगेच कळेल.

गंमत म्हणजे मूळ अभ्यासक्रम इतका कोता नाही. २०१४पासून लागू झालेल्या इतिहासात प्राथमिकच्या वरच्या वर्गांना एक युरोपबाहेरची संस्कृती निवडायची असते: इ. स. ९००च्या सुमाराचे बगदाद, माया किंवा पश्चिम आफ्रिकेतले बेनिन. आमच्या शाळेने निवडली माया! का, तर वर्कशीट तयार होत्या. अरबी बोलणाऱ्या मुलींना बगदाद सोडून मध्य अमेरिकेत नेणाऱ्या त्या बैठकीला अरबीच्या शिक्षिका नव्हत्या. त्या कधीच नसत. अमिरातीत खासगी शाळांनाही अरबी शिकवणे बंधनकारक आहे, पण अरबीच्या शिक्षिकांचे वेळापत्रक निराळे, चहाचे टेबलही निराळे. त्या वजाबाकीचे कोडे त्यांनी मिनिटभरात उलगडले असते.

‘मुलींना झेपेल असे’ म्हणून विज्ञानातले प्रयोग कमी करणे हा तर निव्वळ आळस. २०२१मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या अमिरातीच्या ‘होप’ यानाच्या विज्ञान विभागाचे नेतृत्व सारा अल अमीरी या स्त्रीकडे होते.

आपल्याकडे २०२०च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. मुंबई-पुण्यातल्या केंब्रिज या ब्रिटिश बोर्डाच्या शाळाही त्यात आल्या. आपल्या प्रतिनिधीने एकदा तिकडेही जावे आणि अभ्यासक्रमाच्या बैठकीला मराठीच्या बाईंना बोलावतात का, एवढे विचारून यावे.

— एक निवृत्त शिक्षिका, ठाणे