आशाताई, मी सोडलेलं नाव तुम्ही धरलं

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या गावच्या आशा सेविका, तुमचं खरं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही, पण वाचलं की तुम्ही ओळखालच.

डिसेंबरातली ती रात्र. आमच्याकडं लाईन रात्रीची, म्हणून हे हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेले होते, आणि साडेअकराला बाजूच्या वावरातल्या पोरानं यांना गाडीवर घरी आणलं. घोट्याजवळ दोन टोचे, पाय सुजत चाललेला. घोणस होती, टॉर्चच्या उजेडात यांनी स्वतः पाहिली. अंगण माणसांनी भरलं, कोणी म्हणे मांत्रिकाकडं न्या, कोणी आवळून बांधायला दोरी आणली, एकानं तर ब्लेड काढलं. तुम्ही आल्या, ते ब्लेड हातातून काढून घेतलं, पाय हलू नये म्हणून दोन काठ्या लावून ओढणीनं सैलसर बांधला आणि पुतण्याला पिकअप आणायला लावला. मी गजानन महाराजांच्या फोटोसमोर बसली होती, उठवतच नव्हतं. तुम्ही खांद्याला धरून म्हणल्या, "वहिनी, नाव घ्या, पण गाडीत बसून घ्या."

ते शब्द अजून कानात आहेत.

दवाखान्यात डॉक्टरांनी यांचं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि सांगितलं, २० मिनिटं कोणी हात लावू नका. घोणसीचं विष रक्त गोठू देत नाही म्हणे, ते बघायचं होतं. मी त्या नळीवरून नजर हलवली नाही, गण गण गणात बोते, गण गण गणात बोते, आणि एकच मागणं, गोठू दे महाराज, एवढं गोठू दे. २० मिनिटांनी त्यांनी नळी तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं.

ताई, तिथं माझं नाव बंद पडलं. महाराजांनी १९१० ला समाधी घेतली, पण आमच्या घरात कोणी 'होते' म्हणत नाही, 'आहेत' म्हणतात, सासूबाई तर भाकरीचा पहिला तुकडा त्यांच्यासाठी काढून ठेवतात. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या मनात आलं, नसतील तर? मी तुमच्यावरच ओरडली, "दरसाल प्रकट दिनाले याच पायानं शेगावले पायी जाते हा माणूस, मंग त्याच पायाले काहून?"

दुसरं कोणी असतं तर मला समजावत बसलं असतं. तुम्ही म्हणल्या, "मले नाही माहीत वहिनी. माझा भाऊ गेला तेव्हा मीही हेच विचारलं होतं." आणि मग माझा हात मांडीवर घेऊन तुम्ही हळूच म्हणायला लागल्या, गण गण गणात बोते. मी जिथं सोडलं होतं तिथून. माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता म्हणून तुम्ही म्हणत राहिल्या, सलाईनमधून १० व्हायल औषध जाईपर्यंत, सिस्टर दर थोड्या वेळानं लघवी झाली का, रंग कसा आहे विचारत होत्या (किडनीची भीती होती) तेव्हाही, आणि पहाटे कधीतरी मीही तुमच्यासोबत म्हणायला लागली, कधी ते माझं मलाच कळलं नाही.

६ तासांनी परत तशीच नळी, परत २० मिनिटं. या वेळी डॉक्टरांनी नळी उलटी केली तरी रक्त जागचं हललं नाही. तुम्ही डोळ्याला पदर लावला, मला दिसलं.

औषधानं वाचवलं, डॉक्टरांनी वाचवलं, हे मी कोणालाही सांगते. आणि महाराजांनी राखलं हेही सांगते, कारण त्या रात्री ब्लेडच्या आधी तुम्ही पोचल्या.

साडी तुम्ही घेतली नाही. यंदा हे पायी नाही जाऊ शकले, आम्ही एसटीनं शेगावला जाऊन आलो, तुमच्या नावाचा प्रसाद वरच्या फळीवर ठेवलाय, लेकराचा हात पोचत नाही तिथं. लसीकरणाला आमच्या गल्लीत याल तेव्हा घरी या, चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही.

तुमची वहिनी