नेट ‘चालू’ आहे, तरीही तक्रार आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यापासून घरोघरचं केबल इंटरनेट दिवसातून अनेकदा तुटतं आणि दोन-तीन मिनिटांत आपलं आपण परत येतं. पूर्ण बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ आली आहे. पूर्ण बंद पडलेली लाइन दुरुस्त होते. अशी येणारी-जाणारी लाइन मात्र ना ऑपरेटरच्या कामात बसते, ना नियमांच्या हिशेबात. त्यासाठीच हे पत्र.

तक्रार केल्यावर काय होतं ते आपल्या बऱ्याच वाचकांना पाठ असेल. कॉल सेंटर सांगतं, ‘मॅडम, राउटर बंद करून पुन्हा चालू करा.’ तो चालू होईपर्यंत नेट येतं; तसंही ते येणारच होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरचा मुलगा येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावतो, आकडा शंभराच्या घरात दिसतो, ‘काकू, एकदम मस्त चालू आहे’ म्हणतो आणि ओटीपी मागतो. ओटीपी दिला की तक्रार निकालात. तो जिना उतरेपर्यंत ये रे माझ्या मागल्या. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या पिशवीत क्रिम्पिंगचा पक्कड असतो, चार कनेक्टर असतात. सिग्नल मोजायचा मीटर त्याला कुणी दिलेलाच नाही.

मी सोसायटीची सचिव असल्याने पाण्यापासून पार्किंगपर्यंतच्या तक्रारींत आता ही भर पडली. सुरुवातीला सगळ्यांनी वाय-फायला दोष दिला, आणि ते अगदीच चूक नव्हतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आणि आमच्या जिन्यात उभं राहिलं तर मोबाइलवर वाय-फायची नावं संपता संपत नाहीत. पण वाय-फाय की लाइन, हे ओळखणं फार सोपं आहे. लॅपटॉप लॅनच्या वायरीने थेट मॉडेमला, म्हणजे बाहेरची केबल जिला येऊन मिळते त्या डबीला, जोडायचा. तरीही नेट गेलं तर वाय-फायचा संबंध नाही. तेवढं न बघता दोघा-तिघांनी महागडे नवे राउटर आणले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शेवटी मी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विनंती केली: नेट गेलं की फक्त वेळ टाका, शेरे नकोत. आठवडाभरात चित्र स्पष्ट झालं. बी विंगमधली घरं एकाच मिनिटाला तुटत होती. वेगवेगळ्या घरांतले, वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर ठरवून एकदम थोडेच बिघडतात?

मग शोध इमारतीबाहेर गेला. आमची मुख्य वायर पूर्वी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून येत असे. ती इमारत पुनर्विकासाला गेली, रिकामी झाली, तिची वीज तोडली गेली आणि तिच्या जिन्यात लावलेला, सिग्नल वाढवणारा केबलचा अॅम्प्लिफायरही गेला. नौपाडा-पाचपाखाडीत आज जिकडे बघावं तिकडे पत्रे ठोकलेले आहेत, त्यामुळे ही गोष्ट एकट्या आमची नसणार. ऑपरेटरने रातोरात दुसरा मार्ग काढला: पलीकडच्या गल्लीतून, एका पर्जन्यवृक्षाच्या फांदीवरून, वाटेत जोड देत देत. ‘तात्पुरतं’ म्हणून केलेली ती व्यवस्था अजून तशीच लोंबकळते आहे. एका जोडावर चिकटपट्टीऐवजी दुधाची पिशवी बांधलेली मी स्वतः गच्चीवरून पाहिली आहे.

अशा जोडातून पाणी शिरलं की ते तिथेच थांबत नाही. कोअॅक्सिअल वायरीच्या आतली विणलेली जाळी पाणी शोषत आतपर्यंत नेते. पाऊस थांबल्यावर वायर बाहेरून सुकते, आत गंज चढत राहतो. दुपारच्या उन्हात धातू प्रसरण पावतो, संध्याकाळी आकसतो, वाऱ्याने फांदी हलते, आणि सैल कनेक्टर कधी चिकटतो, कधी सुटतो. मुलगा सकाळी दहाला येऊन बघतो तेव्हा सगळं ठीक असतं, ते यामुळे.

ऑपरेटरचं पुढचं हुकमी वाक्य: ‘टीव्ही तर नीट दिसतोय ना? मग लाइन बरोबर आहे.’ हे ऐकून गप्प बसणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते. केबल टीव्ही फक्त घ्यायचं काम करतो. इंटरनेटच्या मॉडेमला त्याच वायरीतून उलट पाठवावंही लागतं, आणि हा परतीचा रस्ता ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या खालच्या पट्टीत असतो. पंपाच्या मोटारी, मिक्सर, जुने चोक यांचा खरखराट नेमका याच पट्टीत जास्त. शिवाय कंपनीकडून घरांकडे जाताना सिग्नल एका ठिकाणाहून सगळीकडे पसरतो, घरांकडून परत येताना मात्र सगळ्या घरांचा सिग्नल एकत्र होतो, आणि त्यासोबत सगळ्या घरांतला खरखराटही. गल्लीतल्या साऱ्या गटारी एकाच नाल्याला मिळाव्यात तसा. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या घरात जुन्या स्प्लिटरचं (एका वायरीच्या दोन-तीन वायरी करणाऱ्या डबीचं) एक तोंड उघडं राहिलं, तर ते अँटेनासारखं काम करतं आणि सातव्या मजल्यावरच्या मुलीची ऑनलाइन मुलाखत मध्येच तुटते. मॉडेमचा निरोप पलीकडे पोचेनासा झाला की मॉडेम आपला आवाज, म्हणजे पाठवायची शक्ती, वाढवत नेतो, तरीही उत्तर आलं नाही की जोडणी सोडून देतो आणि पुन्हा पहिल्यापासून चॅनेल शोधून नाव नोंदवतो. आमची ती दोन-तीन मिनिटं इथे जातात. टीव्ही या सगळ्या वेळात छान चालू असतो.

हे कळल्यावर आम्ही आपल्या हातात होतं तेवढं केलं. घरोघरी जाऊन जुने स्प्लिटर पाहिले. एका दोन तोंडी स्प्लिटरमध्ये सुमारे साडेतीन डेसिबल, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती जाते, आणि आमच्याकडे काही घरांत एकापुढे एक असे तीन-तीन सापडले. बेडरूममधला टीव्ही केव्हाच निघून गेला, स्प्लिटर भिंतीत राहिला. नको असलेले काढले, उघड्या तोंडांना ७५ ओहमच्या टोप्या बसवल्या. आपल्या घरात हात लावू द्यायला काहींनी कां-कू केलं. ‘आमचं नेट तर चांगलं आहे, मग आमची वायर का तपासता?’ हा प्रश्न मला सभेत विचारला गेला. प्रश्नात चूक नाही, पण एका वायरीवर अख्खी विंग असताना ‘आमचं’ आणि ‘तुमचं’ असा हिशेब चालत नाही. यानंतर रात्रीचं तुटणं बरंच कमी झालं. दुपारचं तसंच राहिलं, कारण ते झाडावरच्या जोडाचं आहे आणि तिथे आमचा हात पोचत नाही.

वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. बहुतेक केबल मॉडेमना स्वतःचं पान असतं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की बऱ्याचदा ते उघडतं. तिथे घरात येणाऱ्या सिग्नलची पातळी दिसते. ती उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही या दरम्यान असावी. पाठवायची शक्ती पन्नासच्या आसपास किंवा वर असेल तर मॉडेमला ओरडावं लागतंय असं समजावं. खाली नोंदवहीत ‘टी-३’ आणि ‘टी-४’ अशा, ठरल्या वेळेत पलीकडून काही आलं नाही असं सांगणाऱ्या, ओळी वेळेसकट पडत असतील, तर त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. ‘आत्ता तर चालू आहे’ म्हणणाऱ्यासमोर दुसरा कुठलाही पुरावा टिकत नाही. फायबर घेतलेल्यांनी ओएनयूवरचा (घरातल्या फायबरच्या डबीवरचा) ‘लॉस’चा लाल दिवा पाहावा आणि पिवळी वायर कपाटामागे मुडपलेली नाही ना ते बघावं, त्यांचं दुखणं वेगळं, पण जोड आणि वळण हे शत्रू तेच.

आता नियमांबद्दल. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमांत बिघाड तीन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त लांबला तर भाड्यात सूट होती आणि सेवा ९८ टक्के वेळ उपलब्ध असावी अशी अट होती. गणित करून पाहा. महिन्याच्या ७२० तासांतले दोन टक्के म्हणजे १४ तासांहून थोडे जास्त. रोज दहा वेळा, दर वेळी दोन मिनिटं नेट गेलं तर महिन्याला दहाच तास होतात. म्हणजे कागदावर आमची सेवा उत्तीर्ण! १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू झाले, तरी आमच्या तक्रारी मिटवण्याची रीत बदललेली नाही. दर वेळी दोन मिनिटांत बिघाड ‘दुरुस्त’ होत असेल तर त्याचे तीन दिवस भरणार कधी?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तुटण्याची संख्या मोजली जावी, फक्त बंद राहिलेले तास नव्हेत. ही संख्या कंपनीकडे आधीच असते. प्रत्येक मॉडेम कधी सुटला, कधी पुन्हा जोडला गेला हे त्यांच्या यंत्रणेत नोंदलं जातं. तक्रारीच्या वेळी मागचे सात दिवस बघायला त्यांना एक क्लिक पुरेशी आहे. पुन्हापुन्हा तुटण्याची तक्रार असेल तर ओटीपी त्याच क्षणी न मागता दोन दिवसांनी मागावा. आणि मीटर नसलेला माणूस अशा तक्रारीवर पाठवूच नये.

दुसरी विनंती महापालिकेला आणि विकासकांना. इमारत रिकामी करताना पाणी आणि वीज तोडण्याची नोंद होते, तशी तिच्या गच्चीवरून पुढे जाणाऱ्या केबलचीही व्हावी आणि ऑपरेटरला आगाऊ कळवलं जावं. रस्ते खोदण्याआधी भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना सूचना मिळावी म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ अॅप आणलं. आमची वायर जमिनीखाली नाही, झाडावर आहे. तिच्यासाठी कोणाला फोन करायचा? ऑपरेटरनेही झाडावरचा तो मार्ग कायमचा धरून बसू नये. आमच्या गच्चीवर पावसापासून झाकलेली जागा आणि सोसायटीच्या मीटरवरून वीज द्यायला आमच्या समितीची तयारी आहे. तसं पत्रही त्यांना दिलं आहे.

‘ट्राय’च्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे कंपनीला तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) क्रमांक द्यावा लागतो, आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. आम्ही सर्व सभासदांच्या वेळा आणि मॉडेमच्या पानांचे फोटो जोडून ते अपील केलं आहे. पाचपाखाडी, नौपाडा, चरई भागात पुनर्विकासानंतर असंच नेट तुटू लागलेल्या सोसायट्यांनी आपल्या नोंदी तयार ठेवाव्यात आणि आपल्या वृत्तपत्राकडे कळवाव्यात. एकाच झाडावरून किती सोसायट्यांच्या वायरी गेल्या आहेत तेही त्यातून समजेल.

आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची सचिव,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)