नोकरकपातीबाबत बैठक : शनिवारी सकाळी ११ वाजता

सभासदहो, नमस्कार.

येत्या शनिवारी न्यू जर्सीत एडिसनमधल्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये बैठक आहे. नोकरी गेलेले, धास्तीत असलेले आणि कंपनीत भरतीचे काम बघणारे, सगळ्यांनी यावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० माणसांची कपात जाहीर केली, तेव्हा आपली धावपळ झाली होती. या वेळी आधीच तयारी करू.

येण्यापूर्वी एवढे बघून ठेवा :

- एच-१बीवाल्यांना (कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना) नोकरी सुटल्यावर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्या मुदतीत नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा. नुसते ऑफर लेटर हातात असून भागत नाही, इथेच बरेच जण फसतात.
- कंपनीने एच-१बीवाल्याला व्हिसाची मंजूर मुदत संपण्याआधी काढले, तर मायदेशी परतीचा वाजवी प्रवासखर्च तिनेच द्यायचा असतो. हे मागायला लाजू नका.
- न्यू जर्सीत १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला सामूहिक कपातीआधी ९० दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावा लागतो.
- सेव्हरन्सच्या (नोकरीवरून काढताना कंपनी देते त्या पैशांच्या) कागदावर घाईने सही नको. सामूहिक कपातीत चाळीस किंवा अधिक वयाच्यांना विचारासाठी ४५ दिवस असतात.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांचे मेसेज ग्रुपवर टाकू नयेत. रेझ्युमेची छापील प्रत आणा. चहा आहे, नाश्ता मात्र घरून करून या.